दोन्ही कल्ले सारखे

त्याचं खरं नाव गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. दुकानाच्या पाटीवर एकेकाळी लिहिलेलं होतं म्हणतात, पण उन्हानं पाटीचा रंग उडाला आणि नावही त्याच्याबरोबर गेलं. उरलं ते टोपणनाव. लहानथोर सगळे त्याला फूटपट्टी म्हणायचे आणि तोही त्या नावाला ओ द्यायचा.

नाव उगाच पडलं नव्हतं. केस कापून झाले की हा गिऱ्हाइकाच्या मागे उभा राहायचा, दोन्ही हातांची पहिली बोटं दोन्ही कल्ल्यांच्या खाली टेकवायचा, गुडघ्यात किंचित वाकायचा आणि एक डोळा मिटून आरशात बघायचा. केसाएवढा फरक असला तरी वस्तरा परत बाहेर. मनासारखं जमलं की म्हणायचा, “सारखे झाले.” हे दोन शब्द ऐकल्याशिवाय खुर्चीतून उठायची कुणाची टाप नव्हती. एकदा एक गृहस्थ बस सुटतेय म्हणून मध्येच उठायला लागले, तर यानं त्यांचे खांदे धरून त्यांना खाली बसवलं. “बस दुसरी मिळेल साहेब, हा कल्ला दुसरा मिळणार नाही.” बस गेली. गृहस्थ रागारागानं गेले आणि पुढच्या महिन्यात परत आले, या वेळी घरून लवकर निघून.

कानांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. नवशिके कारागीर कानाच्या पाळीवरून कल्ल्याचं माप घेतात, ते बघून त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. “देवानं कान घाईघाईत लावलेत,” तो म्हणायचा, “कुणाचेच सारखे नसतात. माप कानावर नाही, डोळ्यात पाहिजे.”

दुकान म्हणजे दोन खुर्च्या, दोन मोठे आरसे, एक लांब बाक आणि कोपऱ्यात पाण्याचं पिंप. मागच्या भिंतीत दार आणि दारापलीकडे दोन खोल्यांचा संसार. त्या दारातून दिवसभर जा-ये करायची ती त्याची बायको. गिऱ्हाइकं तिला वहिनी म्हणायची, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. टॉवेल धुणं, पाणी तापवणं, केर काढणं हे तिच्याकडे होतं, आणि बाकावर बसून नुसतं पेपर वाचणाऱ्या रिकामटेकड्यांना उठवणंही तिच्याकडेच होतं. समोरच्या पोस्टातला पोस्टमन फूटपट्टीचा जुना दोस्त. तो म्हणायचा, “या दुकानात दोघं कामाला आहेत. एक पाण्यानं करतो, दुसरी बिनपाण्यानं.”

वहिनी नेहमी नवऱ्याच्या डाव्या हाताला बसायची. त्याला कारण होतं. लग्न होऊन या घरात आल्यावर पहिल्याच जेवणाला ती त्याच्या उजवीकडे बसली होती. कात्री चालवून चालवून त्याचं उजवं कोपर सवयीनं बाहेर यायचं. ते तिच्या वाटीला लागलं, वाटी लवंडली आणि नवीन साडीवर डाग पडला. तिनं आपलं ताट उचललं, वळसा घालून त्याच्या डावीकडे जाऊन बसली आणि म्हणाली, “इथं बरं आहे.” तेव्हापासून जेवताना, बाकावर, बसमध्ये, अंथरुणावर तिची जागा डावीकडे. दोघांनी याबद्दल पुन्हा कधी चर्चा केल्याचं आठवत नाही. संसारातल्या पक्क्या गोष्टींची चर्चा होतही नाही.

एकुलती एक लेक. तिच्या लहानपणी दुकानातला एक आरसा पडून फुटला, तेव्हा वहिनीनं कपाळाला हात लावला. फूटपट्टीनं मात्र त्याच्या तुकड्यांतून तीन सारख्या पट्ट्या कापल्या, पुठ्ठ्याच्या नळीत बसवल्या, तळाशी रंगीत काचांचा चुरा टाकला आणि नळी लेकीच्या हातात दिली. पोरगी ती नळी डोळ्याला लावून तासन्‌तास बसायची. आता ती मोठी झाली होती, लांबच्या शहरात कॉम्प्युटरवर काम करत होती. पण नळी तिनं टाकली नव्हती.

एके सकाळी दुकानाचं शटर वर करताना फूटपट्टीचा डावा हात मध्येच थांबला. त्यानं उजव्या हातानं जोर लावून बघितला, हसला, आणि हसता हसता पायरीवरच बसला. वहिनी टॉवेल वाळत घालत होती. तिनं वळून बघितलं तेव्हा त्याचं अर्धंच तोंड हसत होतं.

दवाखान्यात जीव वाचला. काही आठवड्यांत पाय चालायला लागला, हातात बळ आलं, बोलणं स्वच्छ झालं. वहिनीला वाटलं, सुटलो एकदाचे. घरी आल्यावर पहिल्या दिवशी तिनं त्याला आवडतं ते सगळं वाढलं. त्यानं उजवीकडचा भात खाल्ला, उजवीकडची भाजी खाल्ली आणि ताटावरून उठला. डावीकडचं सगळं तसंच.

“अहो, भाजी नाही आवडली?”

“संपवली की.”

ताटात अर्धा घास नव्हे, अर्धं ताट उरलेलं होतं. तिनं ताट फिरवून त्याच्यासमोर ठेवलं. “अरे, हे कुठून आलं?” म्हणून त्यानं तेही खाल्लं. दुसऱ्या दिवशी दाढी केली ती उजव्या गालाची. सदरा घातला तो एकाच बाहीत. दारातून जाताना डावा खांदा चौकटीवर आपटला तर चौकटीवरच चिडला.

डॉक्टरांनी वहिनीला बाजूला घेऊन समजावलं. “त्यांच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. मेंदूचा एक भाग दुखावलाय, त्यामुळे डावी बाजू म्हणून काही असते हेच त्यांच्या ध्यानात येत नाही. आणि ध्यानात येत नाही हेही त्यांना कळत नाही.”

“सांगितलं तर कळेल?”

“सांगत राहा. पण वेळ लागेल. किती सुधारेल ते आत्ता नाही सांगता येणार.”

दवाखान्यातल्या व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी एक युक्ती दिली. टेबलाच्या, ताटाच्या, पेपरच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवायची, आणि लाल रंग दिसेपर्यंत मान डावीकडे वळवायला लावायची. वहिनीनं घरभर लाल पट्ट्या लावल्या. पण फूटपट्टीला त्या दिसायच्याच नाहीत. “मान वळवा, अजून वळवा,” असं तिनं म्हटलं की तो वैतागायचा. “काय आहे तिकडे? काहीच तर नाहीये.” पालथ्या घड्यावर पाणी.

सगळ्यात वाईट म्हणजे, तिकडे वहिनी होती.

ती आपल्या जागेवरून “अहो” म्हणायची आणि तो उजवीकडे बघायचा. उजवीकडे कपडे ठेवायचं कपाट होतं. तो कपाटाकडे बघून म्हणायचा, “काय गं?” चहा कपाटाकडे मागायचा. औषध कडू आहे अशी तक्रार कपाटाशी करायचा. पहिल्यांदा वहिनीला हसू आलं. नंतर नाही आलं. आयुष्यभर ज्या माणसाच्या बाजूला बसलो, त्याच्यासाठी आता आपण नाहीच, हे तिला आत कुठंतरी फार लागलं. रात्री तो तिच्याकडे पाठ करून झोपायचा. त्याच्या लेखी ती पाठ नव्हतीच, पलंगाची कडा होती.

लेक रजा घेऊन आली होती. ती म्हणाली, “आई, तू सरळ उजवीकडे बस ना. म्हणजे तू दिसशील त्यांना.”

“मी नाही हलणार,” वहिनी म्हणाली. “मी होते तिथंच आहे. गेलेत ते. त्यांनी यायचं परत.”

लेकीनं आईकडे बघितलं आणि विषय सोडला. हट्टाच्या बाबतीत या घरात कुणी कुणाला हार जाणारं नव्हतं.

जाताना लेकीनं आपला जुना लॅपटॉप ठेवला. तो पडद्यावर बोट लावून चालवता यायचा. त्यात तिनं एक प्रोग्रॅम घालून दिला होता. “बाबा, तुम्ही मला नळी करून दिली होती ना, तीच आहे ही. फक्त यात काचा नाहीत, रेघा आहेत. बोट टेकवा.”

फूटपट्टीनं अविश्वासानं बोट टेकवलं आणि काळ्या पडद्यावर एक वाकडी रेघ ओढली. ती एकच रेघ उठली नाही. तशाच रेघा गोलाकार चहूबाजूंनी उठल्या आणि मधोमध फूल उमललं. बोट उचलल्यावर फूल आपोआप फिरायला लागलं. पाकळ्या मिटल्या, पुन्हा उघडल्या, निळ्याचं जांभळं झालं, जांभळ्याचं केशरी. तो तोंड उघडं टाकून बघत राहिला. दवाखान्यातून आल्यापासून त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं नव्हतं.

मग तो रोजचा उद्योग झाला. सकाळी चहा झाला की टेबलावर लॅपटॉप. तो रेघा ओढायचा, वहिनी डावीकडच्या खुर्चीत बसून भाजी निवडायची. त्याच्या बोटातली नजाकत तशीच होती. कल्ल्याच्या टोकाला वस्तरा जसा हलकेच उचलायचा, तसंच तो रेघेच्या शेवटी बोट उचलायचा. चित्र झालं की दोन बोटं पुढे करायचा, वाकायचा, एक डोळा मिटायचा.

“सारखं झालं.”

पहिल्यांदा हे शब्द ऐकले तेव्हा वहिनीच्या हातातला चाकू थांबला. तिनं मान लांब करून पडदा बघितला. खरंच सारखं होतं. जे उजवीकडे, तेच डावीकडे. जी पाकळी वर, तीच खाली. कुठं रिकामं नाही, कुठं अर्धं नाही. तिचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी सारखं, तिसऱ्या दिवशीही सारखं. तिनं चित्रांचे फोटो काढून लेकीला पाठवले. “बघ, तुझे बाबा पूर्ण काढायला लागले.” लेक कामाच्या गडबडीत होती. तिनं फुलांचे ढीगभर फोटो उलट पाठवले आणि लिहिलं, “वा! मस्तच!”

आता दुसरं कुणी असतं तर कदाचित विचारलं असतं, की बाई गं, ताटात भात अजून डावीकडे उरतो, त्याचं काय? पण या घराचा सगळा हिशोब एकाच मापावर चालायचा. दोन्ही बाजू सारख्या झाल्या का? झाल्या, तर काम झालं. जन्मभर त्या मापानं दगा दिला नव्हता. शिवाय माणसाला जे हवं असतं ते आधी दिसतं, बाकीचं मागाहून. लाल पट्ट्यांचा व्यायाम मागे पडला. रोज रोज त्याला चिडवून काय मिळवायचं, इतका सुधारतोय तर?

मग फूटपट्टीनं टुमणं लावलं. “दुकान उघडायचं.”

“थांबा थोडं.”

“किती थांबू? वस्तऱ्याला गंज चढेल. माझा हात बघ.” त्यानं उजवा हात पुढे धरला. तसूभरही हलत नव्हता. “आणि डोळ्याचं म्हणशील तर रोज बघतेस ना चित्रं? काय राहिलंय सांग.”

वहिनीनं पोस्टमनला गाठून सगळं सांगितलं. “पहिलं गिऱ्हाईक तुम्ही व्हा, भाऊजी. तुमच्यावर निभलं तर पुढचं बघू.”

“हे बघा वहिनी,” पोस्टमन म्हणाला, “माझं तोंड असं आहे की त्याचं कुणी वाईट करू शकत नाही. येतो.”

ठरल्या सकाळी शटर वर गेलं. वहिनीनं आरसे पुसले, खुर्चीवरची धूळ झटकली, पाणी तापवलं. पोस्टमन खांद्यावरची पिशवी काढून खुर्चीत बसला. फूटपट्टीनं त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि ब्रशनं फेस केला. फेस मात्र वहिनीनं लावला. “इतक्या दिवसांनी, तेवढं तरी माझ्या हातून होऊ दे,” असं म्हणून तिनं ब्रश घेतला. खरं तर तिला काहीतरी हातात हवं होतं, जीव टांगणीला लागला होता. दोन्ही गाल पांढरे झाले. फूटपट्टीनं पातं बदललं, वस्तरा टॉवेलवर पुसला आणि तो पोस्टमनच्या मागे उभा राहिला.

काय सफाईदार हात होता! उजव्या कानाखालून वस्तरा उतरला तो थेट जबड्यापर्यंत. मग गळा, मग ओठाचा कोपरा, मग हनुवटीचा उतार. कुठं अडकलं नाही, कुठं टोचलं नाही. वहिनी मागच्या दारात उभी राहून श्वास रोखून बघत होती, आणि तिला वाटत होतं, आला, माझा माणूस परत आला.

हनुवटीच्या मध्यावर वस्तरा थांबला. फूटपट्टीनं पातं पुसलं. तुरटी ओली करून उजव्या गालावरून फिरवली. टॉवेलनं तो गाल टिपला. दोन बोटं पुढे केली, त्यातलं एक बोट पोस्टमनच्या कल्ल्याखाली टेकलं आणि दुसरं हवेतच कुठंतरी राहिलं. तो वाकला, एक डोळा मिटला, आरशात बघितलं.

“सारखे झाले,” तो म्हणाला.

डावा गाल अख्खा फेसात होता.

पोस्टमननं आरशात बघितलं. स्वतःच्या त्या अर्ध्या पांढऱ्या तोंडाकडे बघितलं, मग मागे उभ्या दोस्ताच्या समाधानी तोंडाकडे. आणि तो उठला.

“झकास,” तो म्हणाला. “तुझा हात म्हणजे हात आहे.”

त्यानं पिशवी खांद्याला लावली आणि तसाच, अर्ध्या तोंडाला फेस घेऊन, भर सकाळी रस्त्यावर उतरला. सायकल दुरुस्तीवाल्यानं मान वर केली. औषधाच्या दुकानातली मुलगी बघतच राहिली. पोस्टमन मान ताठ ठेवून चालत होता, जणू लोक अशीच दाढी करून घेतात.

वहिनी टॉवेल घेऊन मागच्या दारानं धावली आणि कोपऱ्यावर तिनं त्याला गाठलं. डोळे पुसत तिनं टॉवेल पुढे केला. त्यानं टॉवेल घेऊन फेस पुसला.

“तुम्ही सांगायचं होतंत, भाऊजी.”

“काय सांगू? आजवर त्यानं ‘झाले’ म्हटलं की झाले. मी कधी ‘हे राहिलं’ म्हणालो नाही. आज कुठल्या तोंडानं म्हणू?” मग स्वतःच्याच शब्दांनी तो ओशाळला आणि टॉवेल परत देत म्हणाला, “तुम्ही रडू नका. मी घरी करीन.”

वहिनी परत आली तेव्हा फूटपट्टी वस्तरा धुऊन ठेवत होता. इतका खूष तो कित्येक दिवसांत दिसला नव्हता. “बघितलंस?” तो पाण्याच्या पिंपाला म्हणाला. “हात गेला नाही माझा. उद्यापासून रोज उघडायचं.”

वहिनीनं शटर खाली ओढलं. पाणी आणते असं काहीतरी पुटपुटून ती आत गेली आणि लेकीला फोन लावला.

“त्या चित्रांचं मला नीट सांग,” ती म्हणाली. “ते एक रेघ काढतात तर इतक्या कशा होतात?”

“अगं, आरसे असतात ना त्यात. नळीतल्यासारखेच. तू एकीकडे काढलंस की बाकी सगळीकडे तो प्रोग्रॅमच भरतो.”

“म्हणजे डावीकडे कोण काढतं?”

पलीकडे लेकीला कळलं. ती म्हणाली, “आई, मी बघायला हवं होतं.”

“तू कशाला? मी शेजारी बसलेय ना रोज. ते आरसे काढता येतात का, तेवढं सांग.”

काढता येत होते. कोपऱ्यात एक खूण होती, ती सरकवली की आरसे कमी कमी होत जायचे. दुपारी फूटपट्टी टेबलाशी बसला तेव्हा वहिनीनं सगळे आरसे काढून टाकले होते. त्यानं नेहमीप्रमाणे रेघा ओढल्या. उजव्या अंगाला सुंदर कमान झाली, कमानीला वेलबुट्टी झाली. पडद्याचा मध्य ओलांडून त्याचं बोट एकदाही पलीकडे गेलं नाही. मग त्यानं दोन बोटं पुढे केली, वाकला, डोळा मिटला.

“सारखं झालं.”

पडद्याचा डावा अर्धा भाग काळाकुट्ट होता. वहिनी त्या काळ्या भागासमोर बसली होती. तिला वाटलं, मी याच्यात बसलेय. इतके दिवस मी याच्यातच बसलेय आणि कुणीतरी पुढे रंगीत पडदा लावून ठेवला होता. ती उठून आतल्या खोलीत गेली, तोंडात पदर कोंबला आणि पोटभर रडली.

संध्याकाळी तिनं त्याला सरळ सांगितलं. आडपडदा तिच्या स्वभावातच नव्हता. “आज तुम्ही भाऊजींची अर्धीच दाढी केलीत. डावा गाल तसाच राहिला. दुकान उघडता येणार नाही.”

“काहीतरीच!” तो कपाटावर खेकसला. “मी स्वतः बघितलं. आरशात बघितलं. सारखे होते.”

“नव्हते.”

“तुला माझं दुकान बंद पाडायचंय.”

त्यानंतर तो बोलेनासा झाला. रागावलेला माणूस निदान आपल्याकडे पाठ फिरवतो, त्यात तरी आपली दखल असते. याचं मौन कपाटाच्या वाट्याला आलं. वहिनीला तेवढंही नाही. तो जेवला नाही नीट, झोपला नाही नीट. लॅपटॉपसमोर बसायचा पण हाताची घडी घालून. वहिनीनं सगळे नाही, पण एक आरसा परत लावून ठेवला होता. इकडचं तिकडं दिसेल इतकंच. म्हटलं, खोटं तर खोटं, याला तेवढा तरी विरंगुळा राहू दे. तो बोट लावेना.

आणि एका दुपारी ती हरली. चहा ठेवून ती आपल्या खुर्चीत बसली. त्यानं हात लांब केला, कप सापडला नाही, कारण कप डावीकडे होता. त्यानं कपाटाला विचारलं, “चहा नाही आज?” वहिनीनं कप उचलून उजवीकडे ठेवला. मग तिच्या मनात आलं, लेक म्हणते तेच बरोबर आहे. ज्याला आपण दिसत नाही त्याच्यासाठी जागा अडवून काय बसायचं? आता खुर्ची उचलायची आणि वळसा घालून पलीकडे जायचं, एकदा ताट उचलून इकडे आलो होतो तसं. माझ्या हट्टापेक्षा त्याचं मला बघणं मोठं. असं म्हणून ती उठायला लागली. उठताना आधारासाठी तिनं टेबलावर हात टेकला, आणि तिचं बोट पडद्याच्या डाव्या कडेला लागलं.

पडद्यावर केशरी ठिपका उमटला. डावीकडे एक, आणि आरशामुळे उजव्या कडेला एक.

“हे काय?” फूटपट्टी म्हणाला.

तो उजव्या ठिपक्याकडे बघत होता. वहिनीनं बोट काढलं नाही. थोडं वर सरकवलं. उजवीकडचा ठिपका वर चढून त्याची रेघ झाली.

“आपोआप निघतंय,” तो म्हणाला. रुसवा विसरून त्यानं घडी सोडली आणि त्या रेघेच्या टोकावर आपलं बोट ठेवलं. टोक पुढे सरकलं. त्यानं पुन्हा गाठलं. ते खाली वळलं, तोही वळला. वहिनी परत खुर्चीत बसली. ती सावकाश, अगदी सावकाश, आपलं बोट पडद्याच्या मध्याकडे आणू लागली. पलीकडे उजव्या कडेवरून तीच रेघ मध्याकडे येऊ लागली आणि तिच्यामागून त्याचं बोट. अंतर कमी कमी होत गेलं. ऐन मध्यावर दोन्ही रेघा मिळाल्या आणि त्याच्या बोटाला तिचं बोट लागलं.

तो दचकला. पण त्यानं बोट मागे घेतलं नाही. धरलंच ते, मुठीत.

वहिनीनं आपला हात हळूच डावीकडे ओढला, त्याच्या मुठीसकट. लाल पट्ट्यांनी जे झालं नव्हतं ते व्हायला लागलं. हातामागून त्याची नजर निघाली. पडद्याच्या मध्यापलीकडे गेली. टेबलाच्या कडेपाशी अडखळली, मागे घसरली, पुन्हा आली. तिचं मनगट. तिचं कोपर. खांद्यावरच्या पदराला पडलेला चहाचा जुना डाग. मग तिचा चेहरा.

किती वेळ तो बघत राहिला. अनोळखी गावात ओळखीचं माणूस भेटावं तसा.

“तू इथं आहेस?” तो म्हणाला. “इथं कधीपासून बसलीयेस तू?”

“लग्नापासून,” वहिनी म्हणाली.

दुसरा हात उचलून त्यानं तिच्या गालाला लावला, कल्ल्याखाली बोट टेकवतो तसं. मग त्याच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू बदलत गेला. त्यानं मान वळवून समोरच्या उघड्या दारातून दुकानातल्या खुर्चीकडे बघितलं, आणि पुन्हा मोठ्या कष्टानं मान तिच्याकडे आणली.

“म्हणजे त्याची ही बाजू राहिली.”

“हो.”

“आणि तो तसाच गेला? रस्त्यानं?”

“तसाच गेला.”

फूटपट्टीच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यानं पुसलं नाही, कारण एक हात तिच्या गालावर होता आणि दुसऱ्या मुठीत तिचं बोट.

“बोलाव त्याला.”

“अहो, त्यांनी त्याच दिवशी घरी केली असेल.”

“तरी बोलाव,” तो म्हणाला. “सांग, माझी एक बाजू राहिली होती.”

फोन तिच्या उजव्या हाताशी, टेबलावरच होता. वहिनीनं तो लगेच उचलला नाही. तिचं बोट अजून त्याच्या मुठीत होतं आणि इतक्यात ते तिला सोडवायचं नव्हतं.